साठपैकी साठ ते नवाकोरा पक्ष: टॉवर हॅम्लेट्सचे निकाल कसे वाचावेत

पुण्यात राज्यशास्त्र शिकलेला एक विद्यार्थी पुढच्या शिक्षणासाठी पूर्व लंडनमध्ये, माइल एंडला येतो आहे. आपण जिथे राहणार त्या टॉवर हॅम्लेट्स बरो कौन्सिलच्या (बरो म्हणजे लंडनचा एक प्रशासकीय विभाग, कौन्सिल म्हणजे त्याची नगरपालिका) जुन्या निकालांचा तक्ता त्याने पाहिला आणि तो चक्रावला. १९७४ मध्ये ६० पैकी ६० जागा लेबर पक्षाच्या. १९८६ मध्ये सत्ता लिबरलांकडे. १९९४ मध्ये पुन्हा लेबर, ५० पैकी ४३. २०१८ मध्ये लेबरच, ४५ पैकी ४२. आणि २०२२ मध्ये सत्ता अॅस्पायर नावाच्या पक्षाकडे, ज्याला २०१८ मध्ये एकही जागा मिळाली नव्हती. त्याने विचारले आहे: इथले मतदार इतके लहरी आहेत का, की हा सगळा बांगलादेशी मतांचा खेळ आहे?

दोन्ही नाही. लंडनच्या बरो कौन्सिलांच्या निवडणूक विभागांत मी बरीच वर्षे काम केले, मतदारयाद्यांपासून मतमोजणीच्या टेबलापर्यंत. तेव्हापासून माझे मत पक्के आहे की नुसता जागांचा तक्ता बघणाऱ्याला टॉवर हॅम्लेट्स कळत नाही. तिथे मते हलतात थोडी आणि जागा हलतात धडाधड. आणि ती थोडी मते ज्या कारणाने हलतात ते कारण गेल्या शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही: घर कोणाला मिळणार, त्याचे भाडे किती, आणि तो खर्च कोण उचलणार.

आधी मतदानाची पद्धत, कारण महाराष्ट्रातल्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. पुण्यात २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग होता, पण अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती होत्या, प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे. लंडनमध्ये तसे नाही. तीन सदस्यांच्या प्रभागात सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, आडनावाच्या वर्णक्रमाने. मतदाराने जास्तीत जास्त तीन फुल्या मारायच्या. सर्वाधिक मतांचे पहिले तिघे निवडून आले. आरक्षण नाही, फेऱ्या नाहीत, मतांच्या प्रमाणात जागा हा प्रकार नाही. एका पक्षाला प्रभागात चाळीस टक्के मते असतील आणि बाकीची साठ टक्के तीन-चार पक्षांत फुटली असतील, तर त्या एका पक्षाचे तिघेही निवडून येतात. हेच वीस प्रभागांत झाले की विरोधी बाके रिकामी. लंडनमध्ये सगळ्या जागांची निवडणूक चार वर्षांनी एकाच दिवशी होते. इंग्लंडच्या इतर भागांतल्या अनेक बरोंमध्ये चारपैकी तीन वर्षे, दर वर्षी एक तृतीयांश जागांची निवडणूक होते, त्यामुळे तिथे सत्ता पायरीपायरीने सरकते. इथे ती एका रात्रीत जाते.

मोजणीच्या टेबलावर हे उघड दिसते. तिन्ही फुल्या एकाच पक्षाला दिलेल्या मतपत्रिका बाजूला काढून त्यांचे गठ्ठे बांधले जातात, ते काम पटापट होते. उरतात त्या मिश्र फुल्यांच्या: दोन लेबरला आणि एक ओळखीच्या अपक्षाला, किंवा एकच फुली आणि बाकी कोरे. या पत्रिका एकेक करून मोठ्या तक्त्यावर उतरवाव्या लागतात आणि पहाट होते ती त्यांच्यामुळे. अनुभवी निवडणूक प्रतिनिधी मिश्र पत्रिकांच्या ढिगाकडेच टक लावून बसतात, कारण पक्षाची खरी पकड किती ते तिथे समजते. दुसरी गंमत वर्णक्रमाची. एकाच पक्षाच्या तिघांत ज्याचे आडनाव यादीत खाली, त्याला थोडी मते कमी पडतात. मतदार वरून खाली येतो आणि दोन फुल्या मारून थांबतो. चुरशीच्या प्रभागात एवढ्यानेही तिसरी जागा जाते.

आता इतिहास. टॉवर हॅम्लेट्स हे नाव जुने असले तरी ही बरो १९६५ ची. १९६३ च्या लंडन सरकार कायद्याने बेथनल ग्रीन, पॉप्लर आणि स्टेपनी या तीन जुन्या बरो एकत्र केल्या. पहिली निवडणूक १९६४ मध्ये झाली आणि नवे कौन्सिल १ एप्रिल १९६५ ला कारभार पाहू लागले. तक्ते तिथून सुरू होतात, पण राजकीय सवयी त्या तीन जुन्या बरोंच्या आहेत, म्हणून थोडे मागे जावे लागते. (मुंबईकरांसाठी जाता जाता: बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून १८९५ मध्ये मुंबईचे मंचरजी भावनगरी संसदेवर निवडून आले, तेही हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षातर्फे. १९०० मध्ये पुन्हा जिंकले आणि १९०६ मध्ये हरले. पूर्व लंडन जन्मजात लेबर होते, असे कोणी सांगितले तर हे आठवावे.)

पहिल्या महायुद्धानंतरच्या निवडणुकीत, नोव्हेंबर १९१९ मध्ये, पॉप्लरमध्ये लेबरने ४२ पैकी ३९ जागा घेतल्या. जॉर्ज लॅन्सबरी महापौर झाले. शेजारच्या स्टेपनीचे महापौरपद त्याच सुमारास क्लेमंट अॅटलींकडे आले, हेच पुढे पंतप्रधान झाले. पॉप्लर गोदीकामगारांचे आणि कंगाल. बेकारांना मदत द्यायची ती स्थानिक घरपट्टीतून. म्हणजे जिथे गरीब जास्त तिथे पट्टी जास्त आणि ती भरणारेही गरीबच. १९२१ मध्ये कौन्सिलने लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस वगैरे वरच्या संस्थांसाठी गोळा करायचा वाटा बसवायलाच नकार दिला. न्यायालयाने आदेश दिला, तोही मानला नाही. तीस नगरसेवक तुरुंगात गेले, पुरुष ब्रिक्स्टनला आणि पाच महिला हॉलोवेला. कौन्सिलच्या सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरल्या, महिला सदस्यांना हॉलोवेहून तिथे आणले जाई. सहा आठवड्यांनी सगळे सुटले आणि श्रीमंत बरोंनी गरीब बरोंचा भार काही प्रमाणात उचलावा असा कायदा झाला. या लढ्यात उतरलेली लॅन्सबरींची सून मिनी तुरुंगवासानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९२२ मध्ये वारली. त्याच वर्षी लंडनभर लेबरची धूळधाण झाली, पण पॉप्लर त्यांच्याकडे राहिले.

या प्रकरणाने पूर्व लंडनमध्ये एक गोष्ट ठरून गेली: कौन्सिल म्हणजे आपल्या बाजूने भांडणारी संस्था. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीने हा भाग उद्ध्वस्त झाल्यावर तीच संस्था घरमालकही झाली. कौन्सिलने आणि लंडनच्या वरिष्ठ प्राधिकरणाने इतकी घरे बांधली की १९८१ च्या सुमाराला बरोतल्या पाचांपैकी चार कुटुंबे सरकारी भाडेकरू होती. असा मतदारसंघ डोळ्यांपुढे आणा: नगरसेवक हा तुमच्या गळक्या छताचा, ओल्या भिंतीचा आणि मुलीच्या लग्नानंतर लागणाऱ्या वेगळ्या खोलीचा मालक. नगरसेवकाच्या साप्ताहिक भेटीला येणाऱ्या दहांतले आठ घराचा कागद घेऊन येतात, हे इथल्या कुठल्याही जुन्या नगरसेवकाला विचारा.

साठच्या दशकाबद्दल फार लिहीत नाही. १९६८ मध्ये लेबरच्या विल्सन सरकारवरच्या रागाने हुजूर पक्षाने ३२ पैकी २८ बरो घेतल्या, लेबरकडे तीन उरल्या आणि त्यांत टॉवर हॅम्लेट्स होती. १९७८ पर्यंत तक्त्यात ऑल्डरमन दिसतात. त्यांना जनता निवडत नसे, नगरसेवकच निवडत, दर सहा नगरसेवकांमागे एक. जुने आकडे नव्यांशी ताडून बघताना ते वजा करायचे, नाहीतर बेरीज जुळत नाही.

साठपैकी साठ हा आकडा मात्र लेबरला महाग पडला. विरोधकच नाही म्हटल्यावर सभागृहात कोणाला उत्तर द्यायचे नव्हते, प्रतीक्षायादी लांबत गेली, दुरुस्त्या रखडल्या. लिबरलांनी नेमके तिथे बोट ठेवले. बो भागात त्यांनी दारोदारी छोटी पत्रके वाटली: अमुक जिन्याचा दिवा बंद, तमुक लिफ्ट तीन आठवडे नादुरुस्त, आम्ही पाठपुरावा करतो आहोत. मोठ्या धोरणाचा शब्द नाही. १९७८ मध्ये त्यांनी ७ जागा घेतल्या, सगळा बो हातात. १९८२ मध्ये १८. १९८६ मध्ये लिबरल २६, लेबर २४. बारा वर्षांत शून्यावरून सत्तेपर्यंत, एकेक प्रभाग घेत. म्हणजे तक्त्यातली ती उडी उडी नव्हतीच.

१९७८ ची तारीखही लक्षात ठेवा: ४ मे, स्थानिक निवडणुकीचा दिवस. वंशवादी नॅशनल फ्रंटने बरोत आपले उमेदवार उभे केले होते. त्या संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कापड कामगाराचा व्हाइटचॅपलजवळ अॅडलर स्ट्रीटवर वंशद्वेषातून खून झाला. हजारो बांगलादेशी रस्त्यावर उतरले, त्याची शवपेटी घेऊन डाउनिंग स्ट्रीटपर्यंत मोर्चा गेला. चार वर्षांनी स्पिटलफील्ड्समधून नुरुल हक अपक्ष म्हणून निवडून आले. समाज मतपेटीकडे वळला तो या वाटेने. लेबरने दार उघडायला वेळ लावला, म्हणून आधी अपक्ष.

लिबरलांचा काळ अभ्यासायला सगळ्यांत रंजक आणि सगळ्यांत कडू. त्यांनी बरोचे सात विभाग केले आणि प्रत्येक विभागाची सत्ता त्या विभागातल्या नगरसेवकांकडे सोपवली. कौन्सिलमध्ये अल्पमतात असलेली लेबर काही विभागांत राज्य करत होती! प्रशासन म्हणून हा प्रयोग धाडसी होता आणि १९९० मध्ये मतदारांनी त्यांना ३० जागा देऊन पावतीही दिली. पण घरवाटपात त्यांनी स्थानिकांच्या मुलामुलींना प्राधान्य देणारी योजना आणली. ऐकायला निरुपद्रवी. प्रत्यक्षात ज्यांचे आईबाप आधीपासून इथे राहत होते ते बहुतेक गोरे, आणि दाटीवाटीने खोल्यांत राहणारी, नुकतीच एकत्र आलेली बांगलादेशी कुटुंबे रांगेत मागे. त्याआधी १९८७ मध्ये याच कौन्सिलने काही बांगलादेशी कुटुंबांना ‘जाणूनबुजून बेघर’ ठरवले होते, कारण काय तर त्यांचे मायदेशी घर होते. प्रकरण न्यायालयात गेले. पत्रकांची भाषाही घसरत गेली, इतकी की शेवटी राष्ट्रीय पक्षाला लॉर्ड लेस्टर यांच्याकडून चौकशी करून घ्यावी लागली.

याचे पीक आले बरोच्या दक्षिण टोकाला, आयल ऑफ डॉग्जमध्ये. तिथल्या गोद्या १९८० मध्ये बंद झाल्या, नोकऱ्या गेल्या. नदीकाठी कॅनरी व्हार्फचा काचेचा मनोरा उभा राहिला, पण त्यातली नोकरी जुन्या गोदीकामगाराच्या मुलाला मिळेना आणि घर तर नाहीच. घर बांगलादेशींना जाते, ही ओरड सर्वांनी वापरून झाली होती. १६ सप्टेंबर १९९३ ला तिथल्या मिलवॉल प्रभागाच्या पोटनिवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टी (बीएनपी) या वंशवादी पक्षाचे डेरेक बीकन ७ मतांनी निवडून आले. सात. देशभर हलकल्लोळ झाला. पुढच्याच मे महिन्यात कौन्सिलच्या सगळ्या जागांची निवडणूक होती, मतदान प्रचंड वाढले आणि बीकन हरले. आता इथे तक्त्याखाली बघा: बीकन यांची मते १९९३ पेक्षा वाढली होती. ते हरले कारण पोटनिवडणुकीला घरी बसलेले लोक या वेळी बाहेर पडले. तक्त्यात दिसते ‘बीएनपी शून्य’, आणि वाचणाऱ्याला वाटते की विष उतरले. लिबरल डेमोक्रॅट (लिबरलांचा नंतरचा पक्ष) ७ वर आले, लेबर ४३.

त्याच मिलवॉलने २०१० मध्ये तिन्ही नगरसेवक हुजूर पक्षाचे निवडले. माणसे बदलली होती. गोदीच्या जागी बँकवाल्यांचे फ्लॅट आले होते. त्या वर्षी हुजूर पक्षाला बरोत आठ जागा मिळाल्या, त्या सगळ्या नदीकाठच्या प्रभागांतल्या.

२००६ मध्ये लेबर २६, रिस्पेक्ट १२, हुजूर ७, लिबरल डेमोक्रॅट ६, असे ५१ चे चौपेडी सभागृह आले. वरवर कारण इराक युद्ध, आणि ते खोटे नाही. आदल्या वर्षी युद्धविरोधी रिस्पेक्ट पक्षाचे जॉर्ज गॅलोवे बेथनल ग्रीन अँड बो मधून ८२३ मतांनी खासदार झाले होते. पण रिस्पेक्टच्या प्रचारात कौन्सिलची घरे गृहनिर्माण संस्थांकडे सोपवायला विरोध हाही ठळक मुद्दा होता. पुन्हा घरच.

२०१० हे वर्ष सावकाश वाचा, कारण त्यात दोन निवडणुका आहेत. मे महिन्यात संसदेच्या निवडणुकीबरोबरच कौन्सिलची झाली, मतदान भरपूर झाले आणि लेबरने ५१ पैकी ४१ घेतल्या. त्याच दिवशी थेट निवडून येणारा महापौर हवा का यावर सार्वमत झाले आणि साधारण साठ टक्क्यांनी होकार दिला. आपल्याकडच्या थेट नगराध्यक्षासारखेच हे पद, पण अधिकार कितीतरी जास्त. जुना शोभेचा महापौर वेगळा. कौन्सिलचे माजी नेते लुत्फुर रहमान यांची लेबरने आधी उमेदवार म्हणून निवड केली, मग ती रद्द केली. ते अपक्ष लढले आणि ऑक्टोबरमध्ये जेमतेम चौथाई मतदानात पहिल्या फेरीतच निम्म्याहून जास्त मते घेऊन जिंकले (नगरसेवकांसारखे नाही, महापौरासाठी तेव्हा मतदार पहिली आणि दुसरी पसंती देत). त्यांनी हरवलेले लेबरचे उमेदवार हेलाल अब्बास हेही बांगलादेशी वंशाचेच. ‘बांगलादेशी मतांचा खेळ’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. २०२१ च्या जनगणनेत बरोची लोकसंख्या ३ लाख १० हजारांच्या घरात, त्यात बांगलादेशी सुमारे ३५ टक्के. एकटा समाज कोणाला बहुमत देऊ शकत नाही, आणि तो एकगठ्ठा कधी नव्हताही. लेबर, रिस्पेक्ट, लिबरल, हुजूर, सगळ्यांच्या यादीत त्या समाजाचे उमेदवार राहिले आहेत.

२०१४ मध्ये रहमान पुन्हा जिंकले. ती मोजणी दिवसेंदिवस रेंगाळली, आणि या धंद्यातल्या लोकांनी रांगा, गर्दी आणि ओळख पटवणे यांबद्दल तिच्यातून बरेच धडे घेतले. चार मतदारांनी निवडणूक याचिका केली. एप्रिल २०१५ मध्ये निवडणूक न्यायालयाचे रिचर्ड मॉरी यांनी निवडणूक रद्द ठरवली: तोतया मतदान, टपाली मतांतले गैरप्रकार, प्रतिस्पर्ध्याबद्दल खोटी विधाने, अनुदानातून मते, धार्मिक दबाव असे निष्कर्ष. रहमान यांच्यावर पाच वर्षांची निवडणूकबंदी आली. पुढे पोलीस तपास झाला, पण त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही. निकालपत्र लांबलचक आहे, तरी मूळ वाचा. दोन्ही बाजूंचे लोक त्यातले आपल्याला हवे तेवढेच सांगतात. जून २०१५ च्या फेरनिवडणुकीत लेबरचे जॉन बिग्ज यांनी रहमान यांच्या गटाच्या रबिना खान यांना हरवले.

आता त्या विद्यार्थ्याचे कोडे, २०१८ आणि २०२२. रहमान यांच्या जुन्या गटाचे २०१८ पर्यंत दोन तुकडे झाले होते, एक अॅस्पायर आणि एक रबिना खान यांचा. दोघांनी एकमेकांची मते खाल्ली. वर सांगितलेल्या पद्धतीत याचा अर्थ एकच: लेबरला ४५ पैकी ४२. लेबरची मते दहात नऊ नव्हती, जवळपासही नव्हती. २०२२ पर्यंत तुकडा एकच उरला, रहमान यांची बंदी संपली होती. ते दुसऱ्या पसंतीची मते धरून ४०,८०४ विरुद्ध ३३,४८७ ने महापौर झाले आणि अॅस्पायर २४, लेबर १९, हुजूर १, ग्रीन १. प्रचारात काय होते? गल्ल्या वाहनांना बंद करण्याचा वाद, वाढता घरखर्च, आणि अर्थात मोठ्या कुटुंबांसाठी घरे. निवडून आलेले अॅस्पायरचे सर्व २४ नगरसेवक बांगलादेशी वंशाचे पुरुष होते, ही बाब खटकण्यासारखी आहे आणि ती लपवू नये. पण त्याआधी वर्षभर, २०२१ च्या सार्वमतात, महापौरपद ठेवायला तीन चतुर्थांशाहून जास्त मतदारांनी पाठिंबा दिला होता. त्यात सगळ्या समाजांचे लोक होते.

अभ्यास करणार असाल तर २०१४ च्या आधीचे आणि नंतरचे प्रभाग थेट ताडून पाहू नका. आधी तीन-तीन सदस्यांचे १७ प्रभाग होते, २०१४ पासून २० झाले, त्यांत काही एकाचे, काही दोघांचे, काही तिघांचे. नाव तेच, हद्द वेगळी, असे अनेक ठिकाणी आहे. महापौराच्या निवडणुकीतली दुसरी पसंतीही आता गेली. २०२२ च्या निवडणूक कायद्यानंतर सरळ सर्वाधिक मतांचा विजयी. २०२२ चे आकडे पुढच्या आकड्यांशेजारी मांडताना हे टिपेत लिहा.

आणि एक कामाची गोष्ट. भारतीय पारपत्र असले तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तुम्ही इथे मतदार होऊ शकता, विद्यार्थी व्हिसावरही. राहण्याचा पत्ता मिळाला की नोंदणी करून टाका, ती आपोआप होत नाही. केंद्रावर आता छायाचित्राचे ओळखपत्र लागते. भारतीय पारपत्र चालते. विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही, त्यावरून दर वेळी दाराशी वाद होतात.